आकाशात पळणारा टॉवर

बॅटरी भरलेली, अँटेना (लहरी पकडणारी दांडी) उभी, तरी पडद्यावर आपलं तेच: ‘उपग्रह शोधत आहे.’ असं का बरं व्हावं?

खोल घळीत वसुधाआत्या दगडाला टेकून बसली होती. ती वटवाघळांची शास्त्रज्ञ. तिच्या घोट्याला फुरसं चावलं होतं. प्रतिविष (सापाच्या विषावरचं औषध) मिळणार घाटाखालच्या दवाखान्यात, आणि चाललं तर विष भराभर पसरणार! मोबाइलला रेंज नव्हती. उरलं होतं हातात मावणारं उपग्रह-यंत्र आणि तिची भाची, अकरा वर्षांची निशिगंधा.

निशी यंत्र उंच धरून या दगडावरून त्या दगडावर धावत सुटली. गावात रेंजसाठी सगळे असंच तर करतात!

“अगं, माकडासारख्या उड्या काय मारतेस? एका जागी उभी राहा!” आत्या ओरडली.

“रेंज शोधतेय!”

“मोबाइलचा टॉवर जागचा हलत नाही, म्हणून आपण हलायचं. इथे उलटं आहे बाई! आपला टॉवरच आकाशात पळतोय. हे उपग्रह आपापल्या कक्षेत (पृथ्वीभोवती फिरायच्या वाटेवर) धावत असतात. घळीतून आभाळाची पट्टीच तेवढी दिसते. त्या पट्टीत एखादा आला की यंत्र त्याला गाठणार. नेमकी तेव्हाच तू कड्याच्या आड असलीस तर?”

निशी थबकली. म्हणजे एखादा येऊन गेलाही असेल!

तिने डोकं शांत केलं. जिथून आभाळ सर्वांत रुंद दिसत होतं, झाडाची फांदीही आड येत नव्हती, तिथे ती उभी राहिली. ‘फुरसं चावलं’ असा संदेश लिहून मदतीचं तांबडं बटण दाबून धरलं. आपण कुठे आहोत हे यंत्र स्वतःच कळवणार होतं.

यंत्र उंच धरून हात भरून आला. आत्याचा पाय सुजत चालला होता. निशीला रडू येत होतं, पण ती जागची हलली नाही.

टिंग! ‘संदेश गेला.’

“उत्तर कुठाय?”

“तो उपग्रह पुढे गेला असेल. उत्तर दुसरा आणेल.”

निशीने दात आवळून हात तसाच ठेवला. पुन्हा टिंग! ‘प्रतिविष घेऊन उडती रुग्णवाहिका निघाली. रुग्णाला चालू देऊ नका.’

“तू मोठी होईस्तोवर इतके उपग्रह असतील, की वाटच बघावी लागणार नाही,” आत्या पुटपुटली.

वर पंख्यांची घरघर ऐकू आली.

“निशी, आता तरी हात खाली घे गं!”

“घेते. आधी तुला वर उचलू देत.”