वरच्या खोलीतली रेंज

खोटंच सांगायचं असतं तर या गोष्टीत मी स्वतःला जरा बरा माणूस म्हणून दाखवलं असतं.

तसं केलेलं नाही. जे घडलं तेच सांगतोय.

तारीख चार मार्च २००८. मंगळवार. दुपारचे अडीच. जागा, नाशिकच्या इंदिरानगरमधलं माझं रो-हाऊस. रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं.

पण सुरुवात थोडी आधीची आहे.

माझी आत्या, मालनबाई, आमच्याकडे राहायची. मूळची लासलगावची. माझी शाळेची सहा वर्षं तिच्याच घरी गेली. पुढे तिचे दोन्ही पाय गेले. तिची मुलगी रोशनी मस्कतला नर्स. मग आत्याला मी घरी आणलं. खाली एकच बेडरूम, ती आमची. म्हणून आत्या वरच्या खोलीत.

२००७ च्या दिवाळीत रोशनी आली. आईसाठी कॅमेरा असलेला लॅपटॉप घेऊन आली. कुठलं बटण दाबायचं ते तिला शिकवलं. निघताना म्हणाली, "दादा, वर नेटचं तेवढं बघ. मग आईला रोज बघता येईल मला."

नेट होतं, पण खाली. फोनच्या वायरीवर एक मोडेम, त्याला आमचा कॉम्प्युटर. बस.

माझा मित्र हर्षल याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने एक डबा दाखवला.

"मोडेम आणि वायरलेस राऊटर, दोन्ही यात एकत्र. वेगळे घेतलेस तर दोन डबे, दोन अडॅप्टर. हा बिघडला तर दोन्ही बंद पडतात, तेवढा एकच तोटा. वर मस्त रेंज जाईल. आठवडाभर नुसता वापरून बघ."

मी म्हणालो, "बघू."

आत्या रोज विचारायची. "किशोर, ते यंत्र आण ना रे. पोरीचं तोंड पाहिलं नाय लय दिवस."

मी म्हणायचो, बघू.

नोव्हेंबरच्या शेवटी, आम्ही दोघं नवरा-बायको कामावर असताना, आत्या बसल्या बसल्या जिना उतरायला लागली. खालच्या कॉम्प्युटरवर रोशनी दिसेल म्हणून.

चौथ्या पायरीवरून ती खाली आली.

समोरचा दात पडला. अर्धा चेहरा काळानिळा.

त्या दिवसापासून आम्ही कामावर जाताना तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायला लागलो. तिच्याच भल्यासाठी, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

त्या रात्री मी बायकोला विचारलं, "तो डबा घेऊन टाकू का?"

संध्या भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वर रेंज गेली की सगळं मस्कतला जाईल. कॅमेऱ्यात दात दिसेल. कडीचं पण त्या सांगतील."

मग आम्ही डबा घेतला नाही.

रोशनीला सांगितलं, या भागात वायरलेस नीट चालत नाही. तिचा फोन आला की मोबाईल वर न्यायचो. स्पीकर चालू करायचो. आणि आत्याच्या शेजारी उभा राहायचो.

आत्या म्हणायची, "बरी हाय गं." आणि माझ्याकडे बघायची.

बावीस जानेवारी. मंगळवारच.

कामाचा एक कागद घरी विसरला म्हणून मी अंबडच्या कंपनीतून दुपारी घरी आलो. अडीच वाजले होते.

वरून आवाज येत होता...

थाप. थाप. थाप.

तळहाताने दार वाजवल्याचा.

"किशोर... छातीत लय दुखतंय रे... किशोर..."

मी जिन्याच्या खाली उभा होतो. साहेब कागदासाठी थांबले होते.

मी ओरडलो, "घाईत आहे आत्या! संध्याकाळी बघू!"

आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी दार उघडेना. आतून ती दाराला टेकली होती. उजव्या हाताची बोटं दाराखालच्या फटीतून बाहेर आली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. जाऊन तीन-चार तास झालेत.

रोशनीला मी सांगितलं, "झोपेत गेली. काही त्रास झाला नाही."

दुपारी घरी आलो होतो, हे मी संध्यालाही सांगितलं नाही.

महिन्याभराने संध्या म्हणाली, "वरची खोली भाड्याने देऊ. नेट असलं तर इंजिनिअरिंगची मुलं लगेच येतील."

या वेळी मी विचार करायला पाच मिनिटंही घेतली नाहीत.

चार मार्चला हर्षल डबा घेऊन आला. मी रजा टाकली होती. संध्या कामावर. हर्षलने जुना मोडेम काढला, नवा लावला, पासवर्ड टाकला. खालच्या कॉम्प्युटरला वायर जोडली. नेट सुरू झालं.

आम्ही चहा प्यायला बसलो.

आणि वायरलेसचा दिवा लुकलुकायला लागला...

हर्षल कप खाली ठेवून म्हणाला, "वायरलेसवर काय चालू आहे तुझं?"

"काहीच नाही."

"कुणीतरी जोडलंय. पासवर्ड तर आत्ता टाकला, तुला नि मलाच माहीत आहे."

त्याने कॉम्प्युटरवर डब्याचं पान उघडलं. जोडलेल्या मशीनची यादी होती. एक आमचा कॉम्प्युटर.

त्याच्याखाली दुसरं नाव... MALANAAI.

रोशनीने आईच्या लॅपटॉपला दिलेलं नाव.

तो लॅपटॉप वरच्या कपाटात होता. बंद. त्याचा चार्जर महिन्यापूर्वी संध्याने ऑफिसमधल्या कुणाला तरी देऊन टाकला होता.

आम्ही वर गेलो. मी कडी काढली. खोली रिकामी होती. कपाट उघडून लॅपटॉप बाहेर काढला.

स्क्रीन काळी होती.

पण लॅपटॉप गरम होता... तव्यासारखा.

हर्षल तडक खाली गेला. त्याच्या स्कूटरचा आवाज मी वरूनच ऐकला.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

मस्कतचा नंबर.

"दादा." रोशनीचा आवाज अगदी शांत होता. "आत्ता आईचा व्हिडिओ कॉल आला होता."

लॅपटॉप अजून माझ्या हातातच होता.

"आई दिसली नाही. फक्त दार दिसत होतं, आतल्या बाजूने. कुणीतरी थापा मारत होतं. मग खाली गाडी थांबली."

मी लॅपटॉप पलंगावर टाकला.

"मग आई म्हणाली, छातीत दुखतंय. आणि खालून तुझा आवाज आला, दादा. घाईत आहे आत्या. संध्याकाळी बघू."

"रोशनी, ऐक..."

"तू गेल्यावरही ती शेवटपर्यंत थापा मारत होती. मी सगळं ऐकलं. नर्स आहे मी. वेळेवर कुणी नेलं असतं तर ती वाचली असती."

आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मी डबा काढला आणि हर्षलच्या दुकानात नेऊन ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. लॅपटॉप मी हातोडीने फोडला, तुकडे विंचूरच्या रस्त्यावर एका कोरड्या विहिरीत टाकले. घरात पुन्हा जुना मोडेम लावला.

त्याने काही फरक पडला नाही.

पुढच्या मंगळवारी रोशनीचा मेल आला. एकच ओळ होती. 'आईचा आज पण आला होता.'

नंतर दर मंगळवारी तशीच ओळ यायची. मी उत्तर दिलं नाही.

वर्षभराने मेल थांबले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग एका दुपारी तिचा फोन आला.

"दादा, आई आता दिसायला लागली आहे. बोलते पण. तुझ्यासाठी तिने एक निरोप दिलाय."

"काय म्हणाली?"

पलीकडे ती हसली. हळूच.

"ते मी नाही सांगणार."

तिने नंबर बदलला. ती कुठे आहे, मला माहीत नाही. नातेवाइकांकडून, तिला मस्कतला पाठवणाऱ्या एजन्सीकडून, सगळीकडून शोधून झालं.

संध्याला मी निरोपाचं तेवढं सांगितलं. ती म्हणते, "चांगलंच काहीतरी सांगितलं असेल. तुम्हाला लहानाचं मोठं केलं त्यांनी."

परवा मी तिला म्हणालो, "मग आज वरच्या खोलीत झोपशील?"

ती उठून आत गेली, आणि बेडरूमचं दार तिने आतून लावून घेतलं.

मी हॉलमध्येच बसून राहिलो.