अकरा किलोची बॅग

खेमराज सोनकुसरे म्हणजे असा माणूस, की बाजारातून आणलेली वांगीसुद्धा घरी पुन्हा तोलून बघायचा. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्याने पेट्यांची वजनं केली. काटा सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा! मार्चअखेर तो रिटायर झाला. आता क्वार्टर सोडायचं होतं आणि बायकोला, कौशल्याला, दिलेला जुना शब्द पाळायचा होता. वर्षभर फिरायचं. आधी पुरी, मग रामेश्वर, मग पाय नेतील तिकडे.

मुलीने, दामिनीने, पुण्याहून फोनवर फर्मान काढलं. "बाबा, पाठीवर एकेकच बॅग घ्या. सात किलोच्या वर एक ग्रॅमही नको. कपडे तीन जोड. एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. बाकी सगळं देऊन टाका."

कौशल्या पवनीच्या विणकराची लेक. तिचा कापडात जीव. कपाटात छप्पन साड्या, एकेकीची कहाणी तोंडपाठ. आता ही बाई रडणार, अशी खेमराजने मनाची तयारी केली होती. पण झालं भलतंच. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी भांडेवाली दारात बसली आणि कौशल्या हसत हसत साड्या काढू लागली.

विणकरांच्या घरात एक रीत असते. अंगाला लागलेलं कापड दुसऱ्याला देताना पदराची एक दशी, म्हणजे एक सूत, ओढून आपल्याजवळ ठेवायचं. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. खेमराजची आई ठेवायची, कौशल्याही कुंकवाच्या डबीत ठेवू लागली. दहाबारा दशा झाल्या तेव्हा खेमराजचं लक्ष गेलं.

"आपण ओझं कमी करून राहिलो न? मंग हे दोरे कायले जमवून राहिली तू? फेक तिकडं."

"सासूबाई ठेवत होत्या जी."

"त्यांले कुठं जायचं होतं?"

तिने क्षणभर डबीकडे पाहिलं आणि ती खिडकीबाहेर उपडी केली. पुढच्या साड्यांच्या दशा तिने काढल्याच नाहीत.

संध्याकाळी खेमराजने दोन्ही बॅगा हातकाट्याला लावल्या. त्याची साडेसात. तिची अकरा. त्याने आपल्यातली एक पँट काढली, काटा सातवर आला. कौशल्याने दोन साड्या आणि शाल काढली. काटा अकरावरच.

त्याने साखरेचा किलोचा पुडा लावून पाहिला. बरोबर एक किलो. पुन्हा बॅग लावली. अकरा.

"बिघडला असन तुमचा काटा," कौशल्या म्हणाली आणि बॅग दोन बोटांनी उचलून खाटेवर ठेवली. "पाहा, हलकी तं आहे."

पुढचे आठ दिवस ती कपाट रिकामं करत होती. कधी साड्या, कधी स्वेटर, कधी लग्नातला शालू. बॅगेतूनही काही ना काही कमी करत होती. बॅगेत दोन साड्या, दोन परकर आणि टॉवेल एवढंच उरलं. खेमराज रोज तोलायचा. अकरा. न जास्त, न कमी.

तशी कौशल्या मजेत होती. तिचे गुडघे दुखायचे थांबले. पाण्याची बादली घेऊन ती गच्चीवर धावत जायची आणि वरून गाणं गुणगुणत खाली यायची. तीस वर्षांत खेमराजने तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. पाहून त्याचंही मन भरून यायचं, खोटं कशाला बोला.

मग एके सकाळी ते दोघं स्कूटरवर भंडाऱ्याला निघाले. खेमराज गाडी चालू करून थांबला. मागची गादी दबल्याचं त्याला कळलंच नाही.

"बसली का?"

"केव्हाची बसली! चला न."

त्याने आरशात पाहिलं. ती बसलेली होती, पदर सावरत. पण गाडी तो एकटा असताना चालायची तशीच चालली. वाटेत त्याने तीनदा मागे पाहिलं.

प्रवासाआधी बी.पी. दाखवायला ते तिथल्या दवाखान्यात गेले. नर्सने कौशल्याला वजनाच्या मशीनवर उभं केलं. जानेवारीत तिचं वजन त्रेसष्ट होतं. आज छत्तीस. गाल तसेच भरलेले, बांगड्या तशाच हातात गच्च. नर्सने मशीनला चापट मारली, स्वतः उभी राहिली, उतरली आणि वजनाचा रकाना कोरा ठेवून कागद पुढे सरकवला.

खेमराजला खिडकीबाहेर फेकलेल्या दशा आठवल्या. कौशल्याला बाकावर बसवून तो भांडेवालीच्या घरी गेला. दुप्पट भांडी देतो, साड्या परत दे, म्हणाला. ती बिचारी गोंधळली. "भाऊ, ते गठ्ठे तं कवाचेच ट्रकवर चढले. कुठं शोधू मी आता?"

घरी आल्यावर तो कौशल्याला म्हणाला, "जाणं रद्द करू."

तिचा चेहरा उतरला. "तीस वर्षं मी ह्या दोन खोल्यांत काढली. तुमची कारखान्याची पाळी, पोरीची शाळा, सासूबाईचं दुखणं. मी कधी तोंड उघडलं? आता कुठं मले बरं वाटून राहिलं, तं तुमी खुटा मारता."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"बरं, जाऊ. पण आता एक चिंधीसुदिक कोणाले देऊ नको. ऐकशील?"

"बाप्पा! साड्यांवर तुमचा इतका जीव कधीपासून?" ती खळखळून हसली.

निघायच्या सकाळी शेजारच्या गोदावरीबाई भेटायला आल्या. खेमराज क्वार्टरची किल्ली द्यायला गेला होता. परत आला तर गोदावरीबाईंच्या हातात कौशल्याची निळी साडी.

"राहवलं नाही जी. एक अंगावर, एक बॅगेत. दोन पुरतात मले."

"दशी काढली का?"

"कायले? तुमीच तं म्हनलं, फेक."

खेमराजने गोदावरीबाईंकडे पाहिलं. साडी परत मागायला तोंड उघडेना. बाहेर ऑटो हॉर्न वाजवत होता.

वरठीच्या स्टेशनवर दुपारी पुरीची गाडी आली. डब्यात समोरच्या बर्थवर गोंदियाचे एक धिप्पाड गृहस्थ होते. कौशल्याची बॅग वर ठेवून द्यायला ते सौजन्याने उठले. एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. घाम फुटला.

"वहिनी, दगडं भरले का हो यात?"

"एक साडी आहे भाऊ," कौशल्या म्हणाली आणि बॅग करंगळीला अडकवून आपल्या बाजूला सीटवर ठेवली. गृहस्थ हात चोळत बसले. मग त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

गाडीने वेग घेतला. दोन्हीकडे धानाची कापलेली रानं, मधेच एखादा तलाव. कौशल्या खिडकीशी सरकली, डोळे मिटून वारा घेऊ लागली.

खेमराजने सीटकडे पाहिलं. त्याच्याखालचं रेक्झिन दबलं होतं. बॅगेखाली तर खड्डाच पडला होता.

कौशल्याखाली ते सपाट होतं.

"काय हलकं वाटून राहिलं जी," ती म्हणाली. "असं आयुष्यात कधी नाही वाटलं."

तो उठला. खिडकीची काच खाली ओढली, खटका लावला. डब्यातला पंखा बंद केला.

"गरम होते न, काहून बंद केलं?"

"बस थोडा वेळ."

त्याने तिच्या पदराचं टोक घेतलं. बॅगेच्या पट्ट्यातून ओवलं आणि गाठ मारली. मग दुसरी.

"लोक पाहून राहिले," ती लाजून हसली. "लग्न लावता का पुन्हा?"

"हाव."

तिसरी गाठ मारताना त्याचा हात थांबला. वारा कुठूनच येत नव्हता. पदर वरच्या बाजूला ताणलेला होता.