वीस टक्के सूट

पूल वर होता, म्हणून मला उशीर झाला.

आमच्या डलूथ बंदरात हे कारण साहेबापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना चालतं. मी राहते पार्क पॉइंटला, मी जिथे कर्जाचे अर्ज बघते ती पतसंस्था कालव्याच्या या बाजूला, आणि मधला तो लोखंडी पूल बोट आली की वर जातो. मग आपण मुकाट उभं राहायचं. त्या दिवशी ऑगस्ट संपत आला होता, पण सरोवरावरून असा गार पाऊस येत होता की दात वाजावेत. माझ्या डाव्या बुटाचा तळ उलला होता आणि नवे घेणं जिवावर आलं होतं, म्हणून मी मोज्यावर पावाची रिकामी पिशवी चढवून वर बूट घातला होता. हसू नका. इकडे सगळ्यांच्या आयांनी पोरांच्या लहानपणी हेच केलंय. समोरून ती खनिजाची बोट सरकत होती, संपता संपत नव्हती, आणि मी तिला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होते.

टेबलाशी पोचले, कोट काढला. तासाभराने एक उंच माणूस ओली टोपी हातात चुरगाळत समोर उभा राहिला.

"माफ करा, उशीर झाला. तो पूल—"

"वर होता. माहितीये," मी म्हटलं. "त्या मेल्या बोटीमुळे मलाही आज उशीर झाला."

"त्या मेल्या बोटीवरच होतो मी," तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. "आणि... तुमच्या बुटातून पाव बाहेर येतोय."

पिशवीचा लाल-पिवळा काठ चांगला वीतभर वर आला होता. माझे कान गरम झाले. तो हसला नाही, हीच त्याची मेहेरबानी. म्हणजे तोंडाने हसला नाही. डोळ्यांचं काय करणार?

त्याचं नाव एमेट प्रूइट. खनिज वाहणाऱ्या बोटीवर डेकवरची कामं करायचा. त्याला पार्क पॉइंटवरचं आर्नी नावाच्या म्हाताऱ्याचं दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. घराचं छप्पर गळत होतं आणि आर्नीला हा पोरगा आवडला होता, म्हणून भाव आवाक्यातला होता.

"वर्षातले दहा महिने तर तुम्ही पाण्यावर," मी म्हटलं. "घर कशाला?"

"उरलेल्या दोनासाठी. जानेवारीत बोट बांधून ठेवतात ना, तेव्हा ऑफिसातली बाई विचारते, हिवाळ्यातला पत्ता सांगा. बाकीची पोरं फाडकन सांगतात. मी मोटेलचं कार्ड शोधत बसतो. दर वर्षी नवं मोटेल." त्याने टोपी पिळली. "आई होती तेव्हाही तेच. भाडं थकलं की बोचकी उचलायची. मला एकदा तरी न बघता पत्ता सांगायचाय."

मी त्याचा क्रेडिट स्कोअर मागवला. सहाशे चव्वेचाळीस. आमची हद्द सहाशे चाळीस. खाली गेलं की नाही म्हणजे नाही.

"चार गुणांनी पास," तो म्हणाला. "शाळेत एवढेही नसायचे."

"थट्टा नको. आणखी कुठे अर्ज केलात?"

"तीन बँकांत. का... चुकलं का?"

"नाही. घराच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत पाच ठिकाणी विचारलंत तरी ती एकच चौकशी धरतात. माणूस भाव बघत हिंडतोय, हे पत मोजणाऱ्यांनाही कळतं."

"म्हणजे मी तुम्हाला जेवायला चला असं या आठवड्यात पाच वेळा विचारलं, तर ते एकदाच धरणार?"

"मी एकदाही धरणार नाही," मी म्हटलं. "ज्याची फाईल माझ्या हातात, त्याच्याबरोबर कॉफीसुद्धा प्यायची नाही, असा इथला नियम आहे. फाईल बंद होईपर्यंत."

"आणि बंद झाली की?"

"तेव्हाचं तेव्हा."

"हे 'नाही' नव्हे," तो टोपी चढवत म्हणाला.

"बसा हो! महत्त्वाचं राहिलंय. तुमचा स्कोअर तुम्ही स्वतः दिवसातून दहादा बघा, काही होत नाही. ते नुसतं डोकावणं. पण कुणाकडे उधारी मागितलीत की ती पक्की चौकशी. मग ती गाडी असो, फोन असो, दुकानाचं कार्ड असो. दर चौकशीला चार-पाच गुण जातात. तुमचा उधारीचा इतिहास म्हणजे पातळ सूप, तुमचे जास्तही जातील. वर्षभर ते नडतं, दोन वर्षांनी पुसलं जातं. तेव्हा घर होईपर्यंत कुणाकडे काही मागायचं नाही."

"कुणाकडेच?"

"कुणाकडेच!"

"फार कडक बाई आहात तुम्ही," तो म्हणाला, आणि या वेळी तोंडानेही हसला.

मग शरद आला, धुकं आलं. आठवड्या-दीड आठवड्याने त्याची बोट बंदराला लागायची आणि तो कर्जाला लागणारी पगाराची एक चिठ्ठी घेऊन यायचा. एकच.

"सगळ्या एकदम आण ना," मी म्हटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मलाही कळलं नाही. "नाहीतर ईमेल कर."

"बोटीवर रेंज नसते."

"बंदरात असते की."

"बंदरात तू असतेस."

खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. चांगलाच. सकाळी पुलाशी अडकले की मी बोटीला शिव्या द्यायच्या विसरून तिचं नाव वाचायला लागले. दुसरीच असली की दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा. चाळिशीला चार वर्षं उरलेली बाई मी, एका घटस्फोटाची धनीण, आणि कठड्याला रेलून बोटी मोजतेय!

छपराने मात्र घोळ घातला. दुरुस्तीशिवाय कर्ज नाही. दुरुस्तीवाला दुखरी पाठ धरून झोपला. तारीख ऑक्टोबरवरून डिसेंबरवर गेली. आर्नीची मुलगी त्याला नव्या वर्षात ॲरिझोनाला घेऊन जाणार होती. तिच्याकडे मिनियापोलिसचं रोखीचं गिऱ्हाईक तयारच होतं, पर्यटकांना घर भाड्याने देणारं. ती फोनवर मला म्हणाली, "एकतीस डिसेंबर. पुढे एक दिवस नाही. बाबा हळवे आहेत, मी नाही."

नाताळच्या आधी एका संध्याकाळी घरी आले तर दारात खोकं. आत बूट! गुडघ्याखालपर्यंत येणारे, आत मेंढीच्या लोकरीचे, आणि बरोबर जाड मोज्यांची जोडी. वर नाव नाही, गाव नाही. फक्त प्रत्येक बुटात पावाची एकेक रिकामी पिशवी, नीट घडी घालून.

मी दारातच बर्फात बसून हसले. मग रडले. इतक्या वर्षांत माझ्या पायांकडे कुणी बघितलं नव्हतं. नियमाने बूट परत करायला हवे होते. पण नावच नाही तर परत कुणाला करणार? मी स्वतःची अशी समजूत घातली आणि घालून फिरले.

नाताळ झाला. छप्पर झालं. सह्यांची तारीख ठरली आणि तेवढ्यात स्कोअरच्या जुन्या अहवालाची मुदत संपली. आमच्याकडे तो चार महिने चालतो, मग नवा मागवावा लागतो. रोजचंच काम. मी बटण दाबलं आणि कॉफी ओतायला वळले.

परत आले तर पडद्यावर सहाशे सदतीस.

मला वाटलं, चष्मा पुसावा. पुसला. सदतीसच. खाली सरकले. नवं खातं, एक. नवी चौकशी, एक. आणि तिच्यापुढे त्या मोठ्या दुकानाचं नाव, चढाच्या रस्त्यावरचं, जिथे नाताळात आत शिरायला जागा नसते. तारीख खोकं आलं त्याच्या आदल्या दिवशीची.

मी टेबलाखाली बघितलं. पाय छान उबेत होते.

आमच्या डोरीनबाई मंजुरीचं बघतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी पडदा बघितला, मग माझे बूट बघितले, आणि बराच वेळ चष्म्याच्या दांडीशी खेळत बसल्या.

"तीनच गुण कमी आहेत," मी म्हटलं. "कार्ड आज फेडून बंद केलं तर?"

"चौकशी राहतेच, मारिट. तूच लोकांना सांगतेस."

"बाकीची बिलं वेळेवर भरली तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरून येईल."

"येईल. घर थांबेल का?"

तरी त्यांनी माझ्यासमोर मुख्य कचेरीला फोन लावला. आवाज चढवला, मग उतरवला, मग नुसतं हं हं केलं. फोन ठेवून म्हणाल्या, "तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते."

आर्नीच्या मुलीलाही विचारलं. तिने शांतपणे नाही म्हटलं. आर्नी मागून काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू आलं नाही.

तीस तारखेला त्याची बोट लागली. तो आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बूट घातलेले बघून असा खुलला की मी पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"एमेट, बस."

"असं म्हणू नकोस. डॉक्टर असं म्हणतात."

मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं. मग खालची ओळ वाचली. त्याचे ओठ नुसते हलले.

"किती गेले?"

"सात. चार चालले असते."

"गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, नुसतं बघतेय... सरकारी ओळख नंबराचे शेवटचे चारच आकडे मागितले गं तिने. मागे ही रांग. म्हणाली, कार्ड काढा, आत्ताच्या आत्ता वीस टक्के सूट. मला वाटलं, ते तुझं... डोकावणं."

"पैसे नव्हते का तुझ्याकडे?" माझा आवाज उगाचच चढला. "मला बूट नसते तर मी काय मेले असते का?"

"होते की. रोख होते खिशात."

"मग?"

"सूट मिळाली तर मोजेही येत होते," तो म्हणाला. "लोकरीचे. मिळाले ना?"

"मिळाले."

"गरम आहेत?"

मी मान हलवली. पलीकडच्या टेबलावरची मंडळी कागदात तोंड घालून बसली होती. तो माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता. आर्नीच्या घराचा पत्ता वरच्या कोपऱ्यात होता, तो वाचत होता. त्याने माझ्यावर राग काढला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तू सांगितलं होतंस. बजावून सांगितलं होतंस."

शेवटची खूण मला करायची होती. 'नामंजूर'. मग 'बंद करा'. मी बटण दाबलं, ते त्याने पाहिलं. तो उठला. टोपी घेतली.

"एमेट."

"हं."

"फाईल बंद झाली."

"दिसलं मला."

"नाही दिसलं. ऑगस्टमध्ये मी काय म्हटलं होतं, आठव."

तो टोपी हातात धरून उभा राहिला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं. चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण खांदे जरा सैल पडले.

"बोट संध्याकाळीच सुटतेय," तो म्हणाला.

"मग चल लवकर. मला भूक लागलीय."

कालव्याजवळच्या खानावळीत आम्ही माशाचं सूप घेतलं. बाहेर चारलाच अंधारून आलं होतं आणि धुक्याचा भोंगा वाजत होता. पहिलं जेवण असं नसावं. तो पाव मोडत होता आणि खात नव्हता. मी मनात म्हणत होते, याच्या घरात मी चहा प्यायले असते, खिडकीशी, पूल बघत. ते आता कुणीतरी सुट्टीला आलेलं पिणार.

"पंधरा दिवसांनी बोट बांधतील," तो सुपाकडे बघत म्हणाला. "ती बाई पत्ता विचारेल."

"माझा सांग."

त्याने वर बघितलं.

"वरची एक खोली आहे, न्हाणीघराचं दार नीट लागत नाही, आणि घरमालकीण जिन्यात कान लावून असते," मी भराभर म्हटलं. "पण पत्ता आहे."

"तुझी घरमालकीण नव्या भाडेकरूची चौकशी मागवेल. पक्की."

"मागवू दे."

"आणखी गुण जातील, मारिट."

"जाऊ देत रे!" मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांचं सगळं डोळ्यांतून बाहेर आलं. "मला तू हवा आहेस. मला नाही बघायचे तुझे गुण."

त्याने टेबलावरून माझा हात घट्ट धरला. बोटीच्या दोरांनी सोललेले, खरखरीत हात. मग माझ्याकडून पत्ता ऐकला, डोळे मिटले आणि म्हणून दाखवला. घर नंबर चुकला. मी पुन्हा सांगितला. पुन्हा चुकला. शाळेत एवढेही गुण का नसायचे, ते मला तेव्हा कळलं.

तो गेल्यावर मी कॉफी घेत तासभर बसले आणि घराकडे निघाले तर घंटा वाजली आणि पूल वर गेला. मी कालव्याच्या भिंतीशी उभी राहिले. पलीकडे आर्नीचं घर काळोखात होतं. मुलीने दिवेही काढले असावेत. त्याची बोट आली, इतकी जवळून की हात लावावा. धुक्यात डेकवरचं माणूस दिसत नव्हतं. भोंगा वाजला, थांबला, आणि मग वरून त्याच ओळखीच्या आवाजात कुणीतरी ओरडून माझा पत्ता सांगितला. रस्ता, वरचा मजला, सगळं.

घर नंबर बरोबर होता.