धुण्याचा सोडा

"पाण्यात पाय सोडू नका. आत्ताच ॲसिड टाकलंय."

मी दचकून पाय वर घेतले. आमच्या घरच्या स्विमिंग पूलाच्या काठाशी एक अनोळखी तरुण उकिडवा बसून काचेची नळी उन्हात धरून बघत होता. पूल सांभाळणारे जुने काका निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी हा.

"मग कधी सोडू?"

"पीएच खाली आला की. चारेक तासांनी."

"तोवर तुम्ही थांबणार?"

"मी नाही... तुम्ही थांबा." तो हसला आणि माझी विकेट पडली.

मी त्याला 'मास्तर' म्हणू लागले. तो नळीत थेंब मोजायचा, मी त्याची बोटं बघायचे.

"सहा महिने तक्रार आली नाही, तर कंपनी कायम करेल," तो एकदा म्हणाला.

"मग?"

"मग... एका घरी मागणी घालायला जायचंय."

कुणाच्या, ते मी विचारलं नाही. कान मात्र तापले.

पण तो यायचा फक्त मंगळवारी, आणि मला धीर कुठला! एका गुरुवारी मी धुण्याचा सोडा किलोभर पूलात ओतला. पीएच चढला, पाणी गढुळलं. मीच फोन केला, "मास्तर, या ना..." तो आला. मग मला चटकच लागली.

महिन्याभराने बाबा पोहून आले ते लालबुंद डोळ्यांनी. त्यांनी थेट कंपनीत फोन लावला. कंपनीचे साहेब आले, पाठोपाठ मास्तरही आला. तपासताना नळीतलं पाणी गडद गुलाबी झालं, म्हणजे पीएच फारच चढलेला.

"एवढंसं पाणी सांभाळता येत नाही?" बाबा कडाडले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे बघत राहिले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. साहेबांनी त्याला तिथेच कामावरून काढलं.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. "सोडा मी टाकत होते."

"माहितीये. पायरीवर कण राहायचे. बाबांना दिसू नयेत म्हणून मीच ब्रशने झाडायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

"आत्ता सांगते... चला ना."

"आता नको," तो शांतपणे म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.

तो गेल्यावरही सांगता आलं असतं. मी आत गेले. बाबा सोफ्यावर आडवे पडले होते, "डोळ्यांचं औषध घाल गं," म्हणाले. मला माझीच किळस येत होती. मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत औषध घातलं, बाटलीचं झाकण लावलं, आणि तेव्हाही काही बोलले नाही.