प्रश्नबंदीचा आठवडा

रत्नागिरीच्या मेंदूलेखन प्रयोगशाळेत त्या दुपारी तिघं जण एकाच पडद्याकडे बघत होते, आणि त्यांतल्या एकीला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ती सारिका लोंढे. विशेष मुलांच्या शाळेत ती वर्गसहायिका होती. पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा वरखाली होत होत्या. त्या जाईच्या डोक्यातल्या आहेत एवढंच तिला सांगितलं होतं.

जाई खोत नऊ वर्षांची. तिला ऐकू उत्तम यायचं, पण ती बोलत नसे. तिच्या गळ्यात बोलका फळा असे. त्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की फळा तो शब्द उच्चारायचा. जाई बोट ठेवायची, नाही असं नाही. पण काहीतरी विचारलं की कधीच नाही. जेवायला बसलं की फळा म्हणायचा, 'झोका'. झोक्यावर बसवलं की म्हणायचा, 'निळा'. कशाचा कशाशी मेळ नाही.

आणि येत्या शनिवारी मूल्यमापन अधिकारी येणार होत्या. जाईने त्यांच्या प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत, तर शाळेतली तिची जागा जाणार होती. वडील मालवाहू बोटीवर, आई नाही, घरी थकलेली आत्या. शाळा गेली की जाईला घाटापलीकडच्या संगोपनगृहात ठेवण्यावाचून इलाज नव्हता. तिथे मुलांना वेळेवर खाऊपिऊ घालत, स्वच्छ ठेवत. शिकवत मात्र काही नसत.

"हा बघा, प्रश्न इथे आत गेला," डॉ. रुबिना मुजावर पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. महिनाभर जाईने वर्गात मेंदूचे तरंग टिपणारी तरंगटोपी घातली होती, तिचं हे टिपण. "आणि इथे अर्थ लागला. तुम्हाला-मला लागतो तेवढ्याच वेळात."

"म्हणजे कळतं तिला?"

"सगळं."

सारिकाने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. "मग उत्तर का देत नाही?"

या प्रश्नावर दुसऱ्या टोकाला बसलेले अभ्यंकर पुढे सरकले. हे गृहस्थ पूर्वी रेल्वेच्या सिग्नल खात्यात अभियंता होते. निवृत्तीनंतर मेंदूचे सिग्नल वाचायला इथे येऊन बसत. "सारिकाताई, कोकणातला रूळ एकेरी होता, ते दिवस आठवतात तुम्हाला?"

"आठवतात की. गाडी मध्येच कुठल्यातरी स्टेशनात ताटकळत उभी. आई म्हणायची, क्रॉसिंग आहे, समोरची येईपर्यंत भेळ खाऊन घे."

"बरोबर. आता तुमच्या-माझ्या मेंदूत आवकेचा रूळ वेगळा, जावकेचा वेगळा. एकीकडे ऐकतोय, दुसरीकडे उत्तर सुटतंय. जाईच्या मेंदूत रूळ एकच. आणि तिच्याकडे हिरवा सिग्नल नेहमी आत येणाऱ्या गाडीलाच. उत्तराची गाडी तयार व्हायला वीसेक मिनिटं लागतात. ती सुटणार, तेवढ्यात समोरून नवा प्रश्न येतो. मग काढा हिला बाजूला."

वर्गसहायिकांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक धडा घोटून घेतला जायचा : विचारा, पाच मोजा, पुन्हा विचारा. मुलाला एकटं पडू देऊ नका. हा धडा सारिकाइतका मनापासून कुणी पाळला नसेल.

"म्हणजे मी दिवसभर तिच्या तोंडावर..." ती म्हणाली.

"तुम्ही एकट्या नव्हे, सगळेच," डॉ. मुजावर घाईने म्हणाल्या. "पण ही दुसरी रेघ बघा, मग रडा हवं तर. बाजूला काढलेली गाडी रद्द होत नाही. ज्या प्रश्नांवर तिला काही म्हणायचं नसतं ते विरून जातात, आपल्याही डोक्यातून जातात तसेच. पण ज्यावर म्हणायचंय ते उत्तर उभं राहतं. रांगेत, आधीचं आधी. मधेच कधी उसंत मिळाली की एखादं निसटतं."

"म्हणून जेवताना झोका?"

"म्हणून जेवताना झोका. कुणीतरी कधीतरी विचारलं असणार. काही हरवलेलं नाही, सारिकाताई. सगळं तिथेच आहे. फक्त रूळ मोकळा करायला हवा. आठवडाभर तिला कुणी एकही प्रश्न विचारायचा नाही."

"आणि हे खरं नसलं तर?"

"गप्प बसून कुणाचं वाटोळं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही," अभ्यंकर म्हणाले. "उलट अनुभव भरपूर." मग चष्मा पुसत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सगळ्या गाड्या सुटून स्टेशन रिकामं झालं, की पुढे काय?"

"कल्पना नाही. तिच्या डोक्यात इतकी शांतता आजवर झालेलीच नाही."

सोमवारी प्रश्नबंदी सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मोडायची वेळ आली. फाटकावर नाखवामामा रखवालदार होते. जाईला बघताच त्यांनी सवयीने तोंड उघडलं, "काय जाई, आली—" आणि सारिकाने धावत जाऊन त्यांच्यासमोर हात आडवा धरला.

"मामा! प्रश्न नाही!"

"हा कुठे प्रश्न आहे? 'आलीस का' म्हणतोय."

"तोच तर प्रश्न. 'जाई आली' म्हणा."

"अगं, आली ते तिला माहीत आहे की!"

"आणि तुम्हाला दिसत नाहीये?"

नाखवामामा कपाळाला हात लावून म्हणाले, "साठ वर्षं मी हेच विचारत आलोय लोकांना."

खरोखरच, आपण माणसांशी किती कमी बोलतो आणि त्यांना किती विचारतो, ते सारिकाला त्या आठवड्यात समजलं. उठलीस का, जेवलीस का, बरी आहेस ना, काय म्हणतेस. उत्तर कुणालाच नको असतं, पण प्रत्येक वेळी एक गाडी सोडून दिलेली असते. तिने जाईची चटई व्हरांड्याच्या कोपऱ्यात हलवली आणि तिच्या शेजारी मणी ओवत बसली. "मी लाल मणी घेतला," ती म्हणे. "आता पिवळा." जमिनीवरून उठताना तिचा गुडघा कुरकुरे आणि तोंडून "आई गं" निघे. पण तो प्रश्न नव्हता, त्यामुळे चालत होतं.

दुपारपर्यंत काही झालं नाही. सारिकाला वाटू लागलं की झालं, विज्ञानाचं काही खरं नाही. आणि मग जाईने सावकाश हात उचलला.

'छत्री', फळा म्हणाला. थोडं थांबून, 'लाल'.

आभाळ कोरडं होतं. माघ महिना चालू होता. सारिका मणी हातात धरून तशीच बसली. शाळा उघडली त्या आठवड्यात दारापाशी छत्र्यांचा ढीग पडला होता आणि तिने विचारलं होतं, तुझी छत्री कुठली गं? पाच मोजून पुन्हा. मग कंटाळून तिनेच एक उचलून दिली होती. निळी.

मंगळवारी फळा म्हणाला, 'कान. दुखतो.' शाळेच्या डॉक्टरांनी लगेच कान तपासला, ठणठणीत होता. सारिका म्हणाली, "हे श्रावणातलं." श्रावणात जाई भिंतीवर डोकं आपटून घेत होती आणि जो तो तिच्यापुढे वाकून विचारत होता, कुठे दुखतंय? शेवटी डॉक्टरांनी अंदाजाने औषध दिलं. दुखणं तेव्हाच बरं झालं होतं. उत्तर तेवढं आत्ता येऊन पोचलं.

मग 'मोदक. अजून.' मग 'फटाके. नको.' सरलेलं वर्ष त्या व्हरांड्यात पुन्हा एकदा ओळीने चालून गेलं, फक्त या वेळी जाईच्या बाजूने. गुरुवारी 'समुद्र. हो.' आलं तेव्हा सारिका हसली आणि तिने जोरात टाळी वाजवली. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सहलीत तिने विचारलं होतं, पाण्यात पाय बुडवायचे का, आणि उत्तर नाही म्हणून जाईला वाळूतच बसवून ठेवलं होतं. "पुन्हा जाऊ," ती म्हणाली. "नक्की जाऊ."

पण रांग जसजशी आजच्या जवळ येऊ लागली तसतशी तिला एका प्रश्नाची धास्ती वाटू लागली. संगोपनगृहाचं कळलं त्या संध्याकाळी जाईच्या चपलेचा पट्टा लावता लावता ती म्हणून गेली होती, "तुला तिकडे पाठवलं तर जाशील का गं? इथे माझा त्रासच होतो ना तुला?" तेव्हा तो नुसता सुस्कारा होता. आता त्याचं उत्तर येणार होतं. वर्षभर जिने आपलं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिच्याबद्दल जाईने काय म्हणावं? हो, जाते, म्हटलं तर तिला बोल लावायला जागा नव्हती.

शनिवारी मूल्यमापन अधिकारी पेठेबाई आल्या. उंच, काटेकोर, हातात थर्मास. डॉ. मुजावरांनी त्यांना एकेरी रुळाची गोष्ट सांगितली, पडदा दाखवला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पटतंय मला. पण मला दहा प्रश्न विचारायचे आहेत."

"दहाही विचारा. फक्त एकाचं उत्तर आलं की मगच दुसरा."

"अहो, मग मला इथे बिऱ्हाड थाटावं लागेल!"

"किती वेळ थांबायचं, याबद्दल नियमात काही आहे?" अभ्यंकरांनी हळूच विचारलं.

पेठेबाईंनी आठवून बघितलं. "नाही. ते लिहावं असं कुणाला सुचलंच नसेल." त्या चटईसमोर छोट्या खुर्चीवर बसल्या. "जाई, अंधार पडला की आपण काय लावतो?"

आणि त्यांनी थर्मास उघडला.

नारळाची सावली व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरली. पेठेबाईंचा चहा संपला. अखेर जाईचा हात उठला, आणि सारिकाने डोळे मिटून घेतले, कारण ती रांग तिला पाठ होती.

'नको', फळा म्हणाला. 'इथे.' मग बराच वेळ काही नाही. मग 'ताई'.

"याचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही," पेठेबाई म्हणाल्या.

"नाही," सारिका म्हणाली. "हे मी विचारलं होतं. तिकडे पाठवलं तर जाशील का, म्हणून. अन् माझा त्रास होतो का, म्हणून."

पेठेबाईंनी थर्मासचं झाकण हातात तसंच धरून ठेवलं. मग त्या खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या. आणखी थोड्या वेळाने फळा स्वच्छ आवाजात म्हणाला, 'दिवा'.

अभ्यंकरांनी मांडीवर थाप मारली. डॉ. मुजावर हसत हसत डोळे पुसू लागल्या. सारिका भिंतीला टेकून बसली.

"उरलेले नऊ प्रश्न विचारायला मी येत जाईन," पेठेबाई म्हणाल्या. "सवडीने. तोवर या मुलीला इथून कुणी हलवायचं नाही. तसा शेरा आजच देते."

सारिका त्यांना दारापर्यंत पोचवायला उठली. गुडघा कळवळला. "आई गं," ती पुटपुटली.

"थांबा," अभ्यंकर एकदम म्हणाले. ते जाईच्या डोक्यावरच्या तरंगटोपीला जोडलेल्या छोट्या पडद्याकडे बघत होते. "रांग संपली. स्टेशन रिकामं आहे. पण काहीतरी हलतंय."

जाईचं बोट फळ्यावर होतं. 'ताई', फळा म्हणाला. 'दुखतं'. मग बोट खालच्या कोपऱ्याकडे सरकलं. तिथे प्रश्नचिन्हाचं बटण होतं. फळ्यावरची सगळी चित्रं बोटांनी झिजली होती, हे एक तेवढं कोरं करकरीत राहिलं होतं. तिने ते दाबलं आणि फळ्याने सगळं पुन्हा, सूर वर नेत म्हटलं :

'ताई, दुखतं?'

"समोरून काहीच आलेलं नाही," अभ्यंकर कुजबुजले. "ही गाडी इथूनच सुटलीय."

डॉ. मुजावर हलल्यासुद्धा नाहीत. रूळ मोकळा झाल्यावर काय होतं ते आता त्यांना कळलं होतं. आजवर जाईला कुणीही विचारू शकत होतं. तिला स्वतःला काही विचारायला जागा मिळाली ती आत्ता.

सारिकाने तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"अहो, सांगा ना तिला," पेठेबाई म्हणाल्या.

"सारिकाताई, बोला काहीतरी," डॉ. मुजावर म्हणाल्या. आणि लगेच पुन्हा, "बोला ना!"

जाईने मात्र पुन्हा विचारलं नाही. तिने फळ्यावरून हात काढून मांडीवर ठेवला, पाय पोटाशी घेतले आणि सारिकाच्या गुडघ्याकडे बघत निवांत बसून राहिली. उत्तर येत असतं, त्याला वेळ लागतो, हे तिथे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती थांबली. आणि मग, बऱ्याच वेळाने, उत्तर आलं.

"हो गं," सारिका तिच्या शेजारी चटईवर बसत म्हणाली. "थोडंसंच."