उरुसात हरवलेली मुलं

डॉ. शौकी नशवाला पहिल्यापासून पाण्यात पाहत. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी भरवर्गात प्राध्यापकांना "याला पुरावा काय?" असं विचारते म्हणजे काय! तिच्या प्रबंधाचा विषय त्यांनी नाक मुरडतच मंजूर केला. विषय होता खोट्या आठवणी.

पद्धत जुनीच, पुस्तकातली. मुलाच्या घरच्यांकडून त्याच्या लहानपणच्या तीन खऱ्या गोष्टी विचारून घ्यायच्या आणि त्यांच्यात चौथी आपल्या मनची घुसडायची. नशवाची चौथी गोष्ट अशी: लहान असताना तू इथल्या सय्यद पीरांच्या उरुसात हरवलास, रडत बसलास आणि एका माणसानं तुला घरच्यांकडे आणून पोहोचवलं. बस्स, एवढंच. बाकीचं मन आपोआप रचतं, आणि ते कसं रचतं तेच तर तिला पाहायचं होतं. शेवटी मुलाला खरं काय ते सांगून टाकायचं, म्हणजे कुणाच्या डोक्यात खोटं राहून जात नाही.

पहिला आला हाझिम, तिच्याच कॉलेजातला, एका सुताराचा मुलगा. आधी त्याला काहीच आठवेना. मग हळूहळू भाजलेल्या हरभऱ्यांचा वास आठवला, झुल्यांची करकर आठवली.

"तो माणूस वाकला नाही, माझ्यासमोर खाली बसला," तो म्हणाला. "मला आईचं नाव विचारलं त्यानं."

"मग?"

"सांगितलं."

हे बोलताना हाझिम कानापर्यंत लाल झाला. आईचं नाव बाहेर फुटलं की शाळेतली पोरं वर्षभर चिडवून जीव नकोसा करतात, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. म्हाताऱ्या बायकांची भीती तर वेगळीच. करणी करणाऱ्याला आधी आईचं नाव लागतं, असं त्या मानतात. नशवा असल्या गोष्टींना हसायची. तिला हा तपशील फार आवडला. मन काय काय रचतं!

दुसरी मुलगी दूरच्या खेड्यातली, हाझिमला ओळखतही नव्हती. तिचा माणूसही वाकला नाही, खाली बसला. त्यानंही आईचं नाव विचारलं. तिसऱ्याचंही तेच, चौथीचंही तेच. आता नशवाला ते आवडेनासं झालं.

तिनं हाझिमला बोलावून खरं सांगितलं. बाकीचे अशा वेळी हसतात, कपाळावर हात मारून घेतात, असं पुस्तकात होतं. हाझिम हसला नाही.

"रचलेलं होतं? तू कोण ठरवणार? तू होतीस का तिथे?"

"अरे, तुझ्या घरच्यांनाच विचार ना. तू कधी हरवलाच नव्हतास."

"घरी आईची दशा बघवत नाही मला, आणि ही म्हणते रचलं होतं!" तो उठला, आणि दारातून वळून म्हणाला, "तुझं कधी भलं होणार नाही, नशवा."

त्या दिवसापासून ती मुलं तिच्याशी बोलेनात. ती कँटीनमध्ये शिरली की चौघंही बोलायची थांबत आणि ती बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहत. नशवाला भीती वाटू लागली होती. पण कुणाला सांगणार, आणि पुरावा काय देणार?

मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून डॉ. शौकींना मात्र आयतीच संधी मिळाली.

"सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य! पढवलंस तू त्यांना."

"नाही डॉक्टर, शप्पथ."

"शपथा बाजारात विकायच्या. माझ्यासमोर करून दाखव. मुलगी मी निवडणार. पढवल्याचं दिसलं तर प्रबंध बाद, आणि पदवी विसरायची."

त्यांनी निवडली नशवाच्याच वर्गातली मिरहान. तिचं आणि नशवाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. शिवाय ती लहानाची मोठी झाली कुवेतमध्ये, उरूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. नशवाला उलट हायसं वाटलं. हिला काही आठवणार नाही, आणि ही आपली बाजूही घेणार नाही. याहून चांगला पुरावा कोणता?

भर दुपारी, पंख्याखाली, नशवानं गोष्ट वाचून दाखवली.

"मला काही आठवत नाही," मिरहान जांभई देत म्हणाली. "झालं तुझं? जाऊ मी?"

डॉ. शौकी खुर्ची मागे सारू लागले. मिरहान मात्र उठली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "हरवली होती ती मी नव्हे."

"मग कोण?"

"ही. पिवळा फ्रॉक होता हिचा. तो हिच्यासमोर खाली बसला आणि हिनं त्याला सांगितलं. इन्साफ."



आळीत नशवाच्या आईला सगळे मोठ्या मुलावरून उम्म अश्रफ, म्हणजे अश्रफची आई, म्हणत. कॉलेजात तर तिचं खरं नाव कुणाच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"हे तुझ्या आईचं नाव?" डॉ. शौकींनी विचारलं. "नसेल तर तू सुटलीस. असेल, तर तूच हिला सांगून ठेवलंयस. बोल."

एक 'नाही' म्हटलं असतं तर पदवी हातात होती. पण नशवानं आजवर सगळ्यांकडे खरं मागितलं होतं. तिला खोटं बोलवेना.

"हो," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाव इन्साफ."

"प्रबंध बाद," डॉ. शौकी म्हणाले. त्यांना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही.

मिरहान नशवाच्या खुर्चीसमोरच्या फरशीकडे बघत होती.

"अगं वेडे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "परत कशाला सांगितलंस त्याला?"

नशवाचा फोन वाजला. आई होती.

"नशवा, कुणाला पाठवलंस गं? खालून नावानं हाका मारतोय. तुझे बाबा गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती मला."

"आई, दार उघडू नकोस."

"मी कशाला चार जिने उतरू? बाल्कनीतून टोपली सोडली की, किल्ली घालून. नेहमीसारखी."

"वर ओढ! आत्ताच्या आत्ता ओढ!"

"ओढतेच आहे. ओरडतेस कशाला?"

कठड्यावर दोर घासल्याचा आवाज येत राहिला. आईला धाप लागली होती.

"किल्ली तर घेतली असेल ना त्यानं," ती म्हणाली. "मग ही एवढी जड का लागतेय गं?"