रिकाम्या खाटेकडं वळलेलं तोंड

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. हरणाबाईंनी ही हकिकत मरेपर्यंत जशीच्या तशी सांगितली. एक शब्द कधी इकडचा तिकडं झाला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

साल १९६६. वैशाखातली भर दुपार. साडेतीनचा सुमार.

कोरेगावपासून तीन कोसांवरच्या एका गावात सहा खाटांचं लहानसं प्रसूतिगृह होतं. डॉक्टर महिन्यातून एकदाच, पहिल्या मंगळवारी यायचे. बाकी सगळा भार नर्स हरणाबाईंवर. झाडलोट करायला, पाणी तापवायला साळूबाई.

हरणाबाई खंडाळ्याकडच्या. वय सव्वीस. सत्तावन्न साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा वडिलांनी घरातले गंडेदोरे आणि अंगाऱ्याच्या पुड्या चुलीत घातल्या. "आजपास्नं भूतखेत मानायचं न्हाई," म्हणाले. हरणाबाईंनी तो शब्द पाळला.

म्हणूनच पुढचं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

त्या वैशाखात लीला नावाची पोर तिथं बाळंत झाली. सातव्या महिन्यातच. नवरा मानसिंग फौजेत, दूर सीमेवर. सोबत सासू, बनुबाई. घरचा ऊस मोठा, आणि बाईचा ताठाही तेवढाच.

मुलगा झाला. सव्वातीन पौंडांचा.

रडणं मांजराच्या पिल्लाएवढं.

आणि त्याला दूध ओढता येईना.

एवढ्या लवकर आलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही. ते शिकवावं लागतं. हरणाबाईंनी लीलाचं दूध वाटीत काढलं. बोंडल्यानं थेंब थेंब गालाच्या आत सोडलं. मग करंगळी साबणानं धुऊन बाळाच्या तोंडात दिली, चोखायची सवय लागावी म्हणून.

बनुबाई खवळली.

"आमच्या लेकराच्या तोंडात तुमचं बोट?"

"माझं बोट दोनदा धुतलंय," हरणाबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमचं धुतलं असंल तर तुमी घाला."



पाचव्या दिवशी बाळानं करंगळी ओढली. एकदा... दोनदा... हरणाबाईंना हसू आलं.

पण सहाव्या दिवशी वजन दोन औंस उतरलं. सातव्या दिवशी आणखी तीन.

आणि त्याच दुपारी...

हरणाबाई टेबलाशी कापूस गुंडाळत बसल्या होत्या. बनुबाई घरी डबा आणायला गेली होती. लीलाला डुलकी लागली होती. बाहेर पिठाच्या गिरणीचं इंजिन पुक पुक करत होतं. कावळे ओरडत होते.

एकाएकी सगळं बंद झालं.

गिरणी नाही. कावळे नाहीत.

आणि त्या शांततेत...

चुट्... चुट्... चुट्...

बाळ दूध पीत असल्याचा आवाज. भरल्या छातीचं दूध ओढावं तसा.

हरणाबाई उठल्या. लीला भिंतीकडं तोंड करून झोपलेली. बाळ तिच्या पाठीमागं, दुपट्यात. त्याचं तोंड शेजारच्या रिकाम्या खाटेकडं वळलं होतं.

ओठ पुढं आले होते. गळा हलत होता.

ते गिळत होतं.

तिथं कुणी नव्हतं.

हरणाबाई पुढं झाल्या... आणि त्यांना दिसलं. रिकाम्या खाटेवरच्या गादीला कडेला खळगा पडला होता. कुणी टेकून बसल्यावर पडतो तसा.

त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.

गादी हळूच वर आली.

गिरणी पुन्हा पुक पुक करू लागली.

साळूबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "सटवाई खेळवत असंल त्याला."

"सटवाई खेळवती, साळूबाई. पाजत न्हाई."

हरणाबाईंनी बाळाच्या ओठांवरून बोट फिरवलं. ओठ ओले होते. दूध नव्हतं ते. पाण्यासारखं काहीतरी... आणि गारठलेलं.

त्यानंतर बाळ करंगळी घेईना. बोंडल्यातलं दूध ओठांवरून खाली ओघळायचं. पोट भरल्यासारखं ते निवांत पडून राहायचं. आणि काटा उतरतच होता. आठव्या दिवशी सकाळी वजन पावणेतीन पौंडांवर आलं.

त्या दुपारी बनुबाईनंही तो आवाज ऐकला. रिकाम्या हवेत चोखणारा नातू डोळ्यांनी बघितला.

"अलवंतीण हाय ही!" ती ऊर बडवत म्हणाली. "बाळंतपणात मेलेली बाई. तिनं लेकरू आपलं म्हणून धरलंय. गाडी जुंपा, देवऋषाकडं नेते त्याला!"

"ह्या उन्हात? दोन तास बैलगाडीत?" हरणाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "वाटंतच जाईल त्यो."

"मग हितं ऱ्हाऊन काय हुतंय? तुमच्यानं काय झालं आठ दिसात?"

हे मात्र खरं होतं. हरणाबाईंना ते लागलं. लीला पदराखाली बाळ झाकून रडत होती. ती कुणाकडं बघत नव्हती. नुसतं म्हणत होती, "माझं दूध का घेत न्हाई त्यो... माझं का न्हाई घेत..."

हरणाबाईंनी दारातला हात काढला नाही.

"उद्याची दुपार जाऊ द्या," त्या बनुबाईला म्हणाल्या. "उद्या मी हाय आन ती हाय. न्हाई जमलं तर खुशाल न्या."

दुसऱ्या दिवशी तीन वाजताच त्यांनी लीलाला उशीला टेकवून बसवलं. बाळाला उघड्या अंगानं तिच्या छातीशी धरलं, वरून दुपटं बांधलं. धार जोरात येऊन बाळ ठसकू नये म्हणून थोडं दूध आधीच काढून घेतलं. बनुबाई दारात उभी होती. तिच्या हातात अंगाऱ्याची पुडी होती. हरणाबाई तिला काही बोलल्या नाहीत.

सव्वातीन...

साडेतीन...

गिरणी थांबली.

शेजारच्या गादीला खळगा पडला.

आणि ज्या बाळाला मान सावरत नव्हती... त्यानं मान फिरवली.

चुट्... चुट्...

हरणाबाईंनी करंगळी त्याच्या ओठांशी नेली. बोट आत जाईना.

तोंडात आधीच काहीतरी होतं.

मऊ. ओलं. विहिरीच्या तळासारखं गार.

  हरणाबाईंनी हात मागं घेतला नाही.

"कोण हायस ते मला म्हाईत न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी तुला मानत बी न्हाई. पर आलीच हायस तर ऐक. तुझं दूध पिऊन हे लेकरू वाळाय लागलंय. आई व्हायचं हुतं न्हवं तुला? मग मारतीस कशाला त्याला?"



चुट्... चुट्...

"सरक म्हन्ते न्हवं!"

त्यांनी ओठांच्या कोपऱ्यातून बोट आत सारलं. गारठा कोपरापर्यंत चढला. बोट आपलं आहे की नाही, हेही कळेना. त्या गार गोष्टीला त्या करंगळीनं बाजूला लोटू लागल्या.

आणि पलीकडून... कुणीतरी त्यांचं मनगट धरलं.

हरणाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बाळ दचकलं असतं. त्यांनी फक्त दारातल्या बनुबाईकडं बघितलं.

बनुबाईला तो हात दिसला नाही. पण हरणाबाईंचं मनगट दबलेलं दिसलं. चार बोटांच्या खुणा, एकेक करून उमटताना.

"बाई, बोट काढू नगा!"

अंगाऱ्याची पुडी तिथंच टाकून बनुबाई धावत आली आणि त्या रिकाम्या खाटेवर धप्पकन बसली. बरोबर त्या खळग्यात.

"ऊठ हितनं! नातू माझा हाय! तुला हितं बसाय जागा न्हाई!"

खाट करकरली.

मनगट सुटलं.

बाळाचं तोंड रिकामं झालं आणि ते रडलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा असं मोठ्यानं, सगळ्या अंगानं रडलं. त्या उघड्या तोंडाला हरणाबाईंनी लीलाची छाती दिली. हनुवटीखाली बोटाचा आधार दिला.

"एक... दोन... तीन... थांब. श्वास घिऊ दे त्याला. हं... आता परत."

बाळानं ओढलं. गिळलं. श्वास घेतला. परत ओढलं.

 बाळाच्या ओठाच्या कडेनं दुधाचा एक थेंब खाली आला. पांढरा. कोमट.

बाहेर गिरणी सुरू झाली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे सोळा दिवस बनुबाई रोज दुपारी त्या खाटेवर बसून डाळ निवडायची. मधेच गिरणीचा आवाज थांबला की ही आपला आवाज चढवायची. साळूबाईशी गावातल्या गप्पा मारायची, मोठमोठ्यानं. बाळ चार पौंडांवर गेलं. हरणाबाईंच्या हातचं पाणी मात्र बनुबाईनं शेवटपर्यंत घेतलं नाही. पण घरी जाताना उंबऱ्यात थांबली.

"बाई," म्हणाली, "तुमची करंगळी लय जबर हाय."

नंतर हरणाबाईंनी साळूबाईला विचारलं, त्या खाटेवर कोण गेली होती?

"कोण न्हाई ओ," साळूबाई म्हणाली. "इमारत दोन वर्साची. त्येच्या आदी जुंधळ्याचं रान. हितं एकबी बाळंतीण मेली न्हाई."

मग ती कोण होती? कुठून आली? हरणाबाईंना ते कधीच कळलं नाही. मनगटावरच्या खुणा महिनाभरानं गेल्या.

अडुसष्ट साली त्यांची बदली सांगलीला झाली. तिथं त्यांनी कितीतरी पोरींना हे काम शिकवलं. झोपेतलं बाळ ओठ हलवताना दिसलं की त्या पोरी कौतुकानं हसायच्या. सगळीच बाळं झोपेत तोंड हलवतात, हे हरणाबाईंनाही ठाऊक होतं.

तरी त्या हसत नसत.

आधी दोन्ही बाजूंच्या खाटा बघायच्या. मग बाळाला उचलून तराजूत ठेवायच्या. काटा थांबेपर्यंत कुणाला बोलू द्यायच्या नाहीत.

"वजन वाढलं असंल," म्हणायच्या, "तर मग हसा."